बागेतले लग्नघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी बाहेरच्या कुणी विदुषी येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे चिटणीसबाईंच्या मनात आले आणि ते काम माझ्याकडे आले. मी विषय निवडला तो आपल्या दाराशी आलेला. आपल्या सार्वजनिक बागेतला जुना दगडी बंगला लग्नाकार्यांना आणि कंपन्यांच्या समारंभांना भाड्याने द्यावा की देऊ नये, यावर गेल्या मासिक सभेत आपले दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणाल्या, बागेची नासाडी होईल. निम्म्या म्हणाल्या, भाडे आले नाही तर बंगला आपोआपच कोसळेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच निर्णय अवघड आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने लंडनला होते. नातवाला बाबागाडीत घालून क्यूच्या बागेत पुष्कळदा जात असे. ही बाग १७५९ सालापासूनची. २००३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. शास्त्रज्ञ तिथे वनस्पतींचा अभ्यास करतात. आणि अशा बागेत लग्ने लागतात, मेजवान्याही झडतात! मला प्रथम नवल वाटले. मग मी एकेक इमारत नीट पाहिली आणि तिची हकीकत विचारून घेतली.

लग्नासाठी मिळणारी एक इमारत म्हणजे नॅश कॉन्झर्व्हेटरी. उंच खांब आणि काचाच काचा. नॅश हे तिच्या वास्तुविशारदाचे नाव. त्याने ती बकिंगहॅम राजवाड्यासाठी बांधली होती. १८३६ साली चौथ्या विल्यम राजाने ती तिथून हलवून क्यूमध्ये उभी करवली. दुसरी इमारत ऑरेंजरी. संत्र्याची झाडे थंडीत जगावीत म्हणून १७६१ साली बांधली, पण आत उजेड पुरेना आणि झाडे काही धड वाढेनात. आपल्याकडे असते तर केव्हाच पाडून टाकली असती. त्यांनी तिला दुसरे काम दिले. आता दिवसा तिथे उपाहारगृह चालते आणि समारंभालाही ती मिळते.

तिसरे टेंपरेट हाउस. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, आज उभ्या असलेल्या काचघरांत हे सर्वांत मोठे. १८६३ साली उघडले, पण पुरे व्हायला १८९९ साल उजाडले. पुढे लोखंड गंजले, काचा निखळू लागल्या. मग २०१३ पासून पाच वर्षे ते बंद ठेवून दुरुस्त केले. सुमारे १५,००० काचा नव्या बसवल्या. खर्च आला ४ कोटी १० लाख पौंड! २०१८ साली ते पुन्हा उघडले. आत दहा हजार झाडे आहेत. संध्याकाळी बघे लोक गेले, की त्या झाडांमध्ये मेजवानीची टेबले मांडतात.

त्या घरात एक झाड आहे, त्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ते सायकसच्या जवळचे, आफ्रिकेतले. १८९५ साली तिथल्या रानात त्याचे एकच बेट सापडले, आणि तेही नर. पुष्कळ शोध झाला, पण मादी आजवर कुठेही मिळालेली नाही. जगात जी काही झाडे आहेत ती त्याच बेटाच्या फुटव्यांपासून केलेली. क्यूमधले १८९९ साली आले. लोकांचे समारंभ पाहत तो बिचारा सव्वाशे वर्षे नवरीवाचून उभा आहे! ते झाड पाहिल्यावर मला कळले, की भाड्यापेक्षा मोठे काही त्या घरात राहते.

आता नियमांचे. इंग्लंडात पूर्वी लग्न बहुतेक चर्चमध्ये, नोंदलेल्या प्रार्थनास्थळात नाहीतर सरकारी नोंदणी कचेरीतच लागे. १९९४ च्या कायद्याने मंजुरी मिळालेल्या इतर इमारतींतही ते लावता येऊ लागले. मंजुरी देताना आगीपासूनची सुरक्षितता पाहतात. लग्नाला निबंधक आणि दोन साक्षीदार हजर लागतात. या नोंदणीच्या विधीत धार्मिक काही चालत नाही, म्हणून आपली माणसे सप्तपदी वेगळी करतात.

बागेत चहा-फराळ असावा की नसावा, हा वादही तिथे जुनाच. मेरिअन नॉर्थ या बाईंनी एकटीने जगभर हिंडून, आपल्या हिंदुस्थानातही येऊन, झाडाफुलांची शेकडो चित्रे काढली. १८८२ साली स्वतःच्या पैशांनी बांधलेली चित्रशाळा त्यांनी क्यूला दिली. येणाऱ्यांना तिथे चहा मिळावा ही त्यांची इच्छा. बागेच्या मुख्याधिकाऱ्यांनी नकार दिला. तेव्हा बाईंनी चहा-कॉफीची झाडे दारावर रंगवून ठेवली! आज त्याच बागेत उपाहारगृहे आहेत आणि बाग बुडालेली नाही. एवढी मोठी बाग नुसत्या सरकारी अनुदानावर चालत नाही. तिकिटे, देणग्या, वर्गणी आणि हे भाडे, असा सगळा मेळ घालावा लागतो.

मग आपण काय करावे? मागच्या हिवाळ्यात आपल्या बागेत एक समारंभ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडाच्या बुंध्यात वीतभर खिळे होते, शेवंतीच्या वाफ्यात उष्ट्या पत्रावळी, आणि माळीबुवा एकटे झाडत होते. भाडे कुठे जमा झाले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. माझा राग लग्नावर नाही, या बेपर्वाईवर आहे. मुंबईच्या राणीच्या बागेचा कायापालट करण्याची योजना २००७ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा जुनी झाडे वाचवायला नागरिक उभे राहिले आणि त्यांत बायका पुढे होत्या. आपणही गप्प बसू नये.

म्हणून माझे मत असे, की बंगला भाड्याने द्यावा, पण अटींवर. भाड्याचा पैसा बाग आणि बंगला यांवरच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब फाटकावर लावावा. झाडाला खिळा ठोकू नये, दिव्यांच्या माळा बांधू नयेत. चूल बागेबाहेर. माणसे किती, ते आधी ठरवावे. रात्री दहानंतर वाजंत्री बंद. अनामत रक्कम घ्यावी आणि माळीबुवांनी बाग पाहून होकार दिल्यावरच ती परत करावी. सकाळ-संध्याकाळ मुलांची आणि म्हाताऱ्यांची वेळ कुणालाही विकू नये. आणि गरिबाघरच्या मुलीच्या लग्नाला महिन्यातला एक दिवस नाममात्र भाड्यात द्यावा. बाग सर्वांची आहे, तर तिचा मांडवही सर्वांचा असावा.

या अटींचा अर्ज लिहून तयार आहे. फराळाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. पटला तर सही करा, पटला नाही तर काय खटकले ते त्यावरच लिहा. सोमवारी आपण तो नगरपालिकेत नेऊन देणार आहोत. चार जणी बरोबर आल्या तर बरे होईल.