उस्तादाची रिकामी जागा



घरात येणारे धान्य, औषधे, सिमेंट यांच्या प्रवासाचा मोठा टप्पा मालमोटारीनेच पार पडतो. ही मालमोटार चालवणारा माणूस घडतो कसा, हा प्रश्न मात्र सुशिक्षित समाजात क्वचितच विचारला जातो.

पूर्वी तो उस्तादाच्या हाताखाली घडत असे. गावाकडचा पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, टायर ठोकून हवा अजमावणे, ताडपत्रीचे दोर आवळणे, गाडी मागे घेताना खाली उतरून हाक देणे, अशी त्याची उमेदवारी चाले. काही वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर सुकाणू हाती येई. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे ज्ञान त्याला बोरघाटात किंवा कसाऱ्यात उस्तादाच्या शेजारी बसून मिळे. या परंपरेचे गुण सांगताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. शिव्या, मारझोड आणि व्यसनेही त्याच केबिनमध्ये पोराच्या वाट्याला येत. उस्ताद जसा, तसा शिष्य.

पुढे वाहतुकीत चुरस वाढली, नफ्याचे प्रमाण घटले आणि खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनरची जागाच रद्द केली. एका माणसाचा पगार वाचला. पण देशातील चालकांची सर्वांत मोठी शाळा त्याबरोबर बंद पडू लागली, याची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही.

त्याचे मोल रस्त्यावर चुकवावे लागते. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी उतारावरून आलेल्या एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याची चर्चा प्रथम झाली. मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. इंजिन बंद झाले की हवेच्या ब्रेकला दाब पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाचा रोधही मिळत नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. इतका धोका चालक का पत्करतो? फेरीला ठरावीक डिझेल मिळते आणि वाचलेल्या डिझेलचे पैसे चालकाच्या पदरात पडतात, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. म्हणजे हा दोष केवळ अज्ञानाचा नाही. व्यवहाराने लावलेली ही सवय आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रांत जड वाहनाच्या चालकासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरला. चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढण्यात आली. तिच्यामुळे गरीब घरातील तरुणांची वाट मोकळी झाली. परंतु ज्याला लिहिणे-वाचणे जड जाते, त्याला तोंडी व प्रत्यक्ष शिकवण्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढली. ३८ तासांत परवान्याची योग्यता येईल. धुक्यातील पहाट, ओला घाट आणि सरकलेला माल यांची ओळख त्यात होणे अवघड.

ही पोकळी मोठ्या वाहतूक कंपन्याच भरून काढू शकतात, कारण त्यांच्याकडे ताफा आहे, ठरलेले मार्ग आहेत आणि अनुभवी चालकही आहेत. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेत पूर्वप्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. त्यानंतर तेथील अनेक मोठ्या कंपन्या नवख्याला काही आठवडे अनुभवी चालकासोबत पाठवतात. शिकाऊ परवाना असेतो अनुभवी चालकाने शेजारच्या आसनावर बसावे, असा तेथील दंडक आहे. पण पक्का परवाना मिळताच काही ठिकाणी नवखा गाडी हाकतो आणि मार्गदर्शक मागच्या बिछान्यावर झोपतो. माल दुप्पट वेगाने पोहोचतो, शिक्षण तेवढे मागे पडते. तेथील पद्धत घेताना ही पळवाट मात्र इकडे आणू नये.

आपल्या कंपन्यांनी चार गोष्टी कराव्यात. मार्गदर्शक निवडताना त्याची केवळ सेवाज्येष्ठता न पाहता अपघातरहित सेवा व स्वभावही पाहावा. शिकवण्याच्या काळात त्याला वेगळा मोबदला द्यावा, म्हणजे नवखा त्याला ओझे वाटणार नाही. नवख्याला पहिले काही महिने घाटाचा आणि रात्रीचा मार्ग एकट्याने देऊ नये. आणि डिझेलबचतीचे बक्षीस देताना उतारावर इंजिन बंद करणे वा न्यूट्रल टाकणे हा अपराध मानावा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. ती प्रत्यक्षात पाळली गेली, तरच शिकवलेले टिकेल. थकलेल्या चालकाचे डोळे कोणतेही प्रशिक्षण उघडे ठेवू शकत नाही.

या सभागृहात कारखानदार आहेत, व्यापारी आहेत. माल सकाळी सातलाच हवा, असे दूरध्वनीवर बजावताना गाडीवर कोण आहे, तो किती तास जागा आहे आणि त्याला कोणी शिकवले आहे, एवढे तीन प्रश्न त्यांनी वाहतूकदाराला विचारावेत. ग्राहक विचारू लागला की कंपनीला उत्तर तयार ठेवावे लागते. उस्तादाची रिकामी जागा भरण्याची सुरुवात तेथून होऊ शकेल.