मृत्युपत्र आणि म्हातारपण



वसंत ऋतूतल्या प्रसन्न संध्याकाळी मरणाचा विषय काढणारा वक्ता आपणांस अरसिक वाटला तर त्यात नवल नाही. मृत्युपत्र करणे म्हणजे यमाला आवतण धाडणे, अशी आपली एक समजूत आहे. आयुर्विम्याचा हप्ता भरताना मात्र ही भीती कोणाला वाटत नाही. वास्तविक दोन्ही व्यवहार एकाच घटनेच्या तयारीचे आहेत.

या अनास्थेला थोडे ऐतिहासिक कारणही आहे. मृत्युपत्र ही कल्पना मुळात आपल्या धर्मशास्त्रातली नव्हे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क येतो. तेव्हा मरणाऱ्याची इच्छा विचारण्याचे प्रयोजनच नव्हते. इंग्रजी अमदानीत हिंदू माणसे मृत्युपत्रे करू लागली आणि १८७० साली मुंबई, मद्रास आणि बंगालपुरता त्यासाठी कायदाही झाला. पण एकत्र कुटुंबाची ती चौकट आता कोठे राहिली आहे? आज मिळकत म्हणजे बहुधा स्वकष्टाने घेतलेला एक फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, गावाकडच्या सातबारावरचे नाव आणि थोडे सोने. त्या फ्लॅटचे काय होते ते पाहू.

समजा, एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई. फ्लॅट गृहस्थांच्या एकट्याच्या नावावर. पुष्कळ लोकांची अशी ठाम समजूत असते की आता घर पत्नीचे झाले. तसे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे या पाचही जणांना सारखा वाटा मिळतो. ज्या बाईने त्या घरात चाळीस वर्षे चूल सांभाळली, तिची मालकी एक पंचमांश! मुले सुस्वभावी असतील तर काही बिघडत नाही. पण मुलांचा सुस्वभाव हा काही कायद्यातला दस्तऐवज नव्हे, आणि सुनाजावई, कर्ज, परदेशची नोकरी यांनी चांगल्या माणसांनाही वाटणी मागावी लागते. नवऱ्याने हयातीत दोन पाने लिहिली असती तर त्या घराची मालकी पूर्णपणे तिची होती. आणि पत्नीला द्यायचे तर पूर्णच द्यावे, असे माझे मत आहे. ‘तहहयात राहण्याचा हक्क पत्नीचा, पुढे मुलांचा’ अशा अर्ध्या देणग्यांचा अर्थ लावण्यात न्यायालयांची कित्येक वर्षे गेली आहेत.

स्त्रीच्या हक्काचा इतिहास लांबचा आहे; मी तो धावता सांगतो. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने विधवेला मुलाइतका, पण हयातीपुरताच वाटा मिळाला. हिंदू संहितेच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ साली स्त्रीची मालकी पूर्ण झाली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले. आणि २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली केला. इतके होऊनही गावोगाव बहिणीला तलाठ्याकडे किंवा रजिस्ट्रारकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जातेच. भाऊबीजेची साडी आणि जमिनीचा हिस्सा यांची तुलना करण्याचे आपण सर्वांनी शिताफीने टाळले आहे. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर कोणाची हरकत असणार? पण कशावर सही करतो आहोत, हे तिला कळले पाहिजे.

आता अशी एक हकीकत सांगतो, जी ऐकून येथल्या भगिनींनी आज रात्रीच लेखणी हाती घ्यावी. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. एका मुलीचे १९५५ साली लग्न झाले; तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला; सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी तिला शिकवले, ती नोकरीस लागली, आणि पुढे मृत्युपत्र न करता १९९६ साली वारली. मागे तिने स्वतः मिळवलेला पैसा, बँकेतली शिल्लक, भविष्यनिर्वाह निधी. हे कोणाला मिळावे? तिच्या आईला, असे आपण म्हणाल. कायद्याने ते नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिले! कारण निःसंतान विधवेची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, असे कलम पंधरा सांगते. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायद्याचे शब्द पुसता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ते शब्द निष्प्रभ करण्याचा उपाय तिच्या हाती होता, आणि तो म्हणजे एक कागद.

हा कागद करणे किती सोपे आहे, हे लोकांना खरे वाटत नाही. स्टँप लागत नाही. कोरा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केल्यास पुढचे वाद कमी होतात. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांना मजकूर ठाऊक असण्याची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीस घेऊ नये, उगीच संशयाला जागा होते. वय झालेले असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदलले तर नवे करावे. शेवटचे ते खरे. हे सारे मी हिंदूंपुरते बोलतो आहे. मुसलमान गृहस्थाला सामान्यतः एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. आणि गोव्यात पोर्तुगीज अमदानीतल्या नागरी कायद्याची परंपरा असल्यामुळे मुलांचा अर्धा वाटा राखीवच असतो, बापाला कितीही राग आला तरी!

‘आम्ही नॉमिनी लावला आहे’ असे सांगून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः पैसे ताब्यात घेणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. शेअरांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच ठरवले. विम्याच्या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुले यांना वेगळी सवलत दिली आहे, तो अपवाद समजावा.

परंतु वारसांची चिंता करता करता माणूस स्वतःला विसरतो, आणि खरा धोका येथेच आहे. मुलाच्या प्रेमाने किंवा आग्रहाने बक्षीसपत्र करून घर त्याच्या नावावर केले जाते. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेती मुलाबाळांना देण्यास मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये, त्यामुळे मोहही मोठा. मृत्युपत्र फाडता येते, बक्षीसपत्र फाडता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तेवीसावे कलम आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. पण ‘अटीवर’ हा शब्द विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अट दाखवणे आवश्यक ठरवले; २०२५ साली अधिक उदार दृष्टी घेतली. उदारतेवर विसंबण्यापेक्षा अट कागदावर स्पष्ट लिहावी, आणि त्याहून बरे म्हणजे राहते घर हयातीत देऊच नये.

कारण म्हातारपण आता लांबले आहे आणि ते महाग आहे. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे सरकारी संरक्षण मिळू लागले, हे चांगले झाले. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री कूस बदलवणारी बाई, महिनोन्‌महिने लागणारा परिचारक, यांचा खर्च त्यात येत नाही. तो घराच्या आणि ठेवींच्या जोरावरच निघतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिले. पुढे वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, आणि मुलगा ते घेऊन बँकेत गेला. करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. जेव्हा गरज लागते नेमके तेव्हाच ते पत्र निकामी होते! मग पालकनेमणुकीसाठी उच्च न्यायालयाची पायरी. म्हणून निदान रोजच्या खर्चाचे खाते पतीपत्नीच्या किंवा विश्वासू अपत्याच्या जोडनावाने, दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे ठेवावे. उपचारांविषयी आपली अखेरची इच्छाही आधी लिहिता येते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तिला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

शेवटी कागद ठेवावा कोठे, हा प्रश्न राहतो. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये. तो उघडण्यासाठीच वारसांना खेटे घालावे लागतील. घरातल्या कपाटात, पासबुकांच्या शेजारी ठेवावा, आणि तो तेथे आहे हे निदान दोन माणसांना सांगून ठेवावे. त्यांपैकी एक तरी आपल्यापेक्षा वयाने लहान असावा.