वडाची शिकवण



देवळाचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पार पडला. कळस चढला. आता हे काम टिकावे कसे, याचे उत्तर वडाच्या झाडाकडे आहे.

कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात २५० वर्षांहून जुना एक वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याला मोठी इजा झाली. पुढे मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते कापून काढावे लागले. खोड गेले म्हणजे झाड गेले, असेच कोणीही म्हणेल. परंतु तो वड आजही हिरवागार आहे. ३,००० हून अधिक पारंब्या जमिनीत रुजून खांबांसारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्या आधाराने तो चार एकरांहून अधिक जागेत पसरला आहे. खोड धडधाकट असतानाच पारंब्या रुजू लागल्या होत्या, म्हणून तो तगला.

गावकीचे कामही असेच आहे. वर्गणी गोळा करणारा, हिशेबाची वही सांभाळणारा, किल्ल्या ठेवणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याच्या निष्ठेला नमस्कार असो. पण तो थकला की दिवाबत्ती अडते, छप्पर गळू लागते आणि काही वर्षांनी पुन्हा पावतीपुस्तके छापावी लागतात.

पारंबी प्रथम दोरीसारखी लोंबते. पोरे तिला धरून झोके घेतात. माती लाभली की तीच खांब होते. गावातल्या तरुण मुलामुलींचेही तसेच आहे. वडीलधाऱ्यांनी हातपाय चालत आहेत तोवरच त्यांच्याकडे काम सोपवावे. एकाने उत्सवाचा हिशेब लिहावा, दुसऱ्याने पन्हाळी साफ कराव्यात. पाखरांनी टाकलेल्या बीतून शिखराच्या फटीत पिंपळ उगवतो. दोन पानांचा असताना तो चिमटीने निघतो, वाढू दिला तर दगड सरकवतो. पावसाळा सरताच शिखर पाहण्याचे काम तिसऱ्याने घ्यावे. चुकले तर समजावून सांगावे, काम काढून घेऊ नये.

वडाच्या पाराभोवती फरशी घालताना पारंबीखालची माती मात्र उघडी ठेवावी. सिमेंटवर टेकलेली पारंबी रुजत नाही.

देणगीदारांची नावे शिळेवर कोरली गेली, हे योग्यच झाले. त्यांच्या दानाचे चीज मात्र उद्या झाडू, वही आणि किल्ली हाती घेणारी मुले करतील. ग्रामदेवता त्यांना बळ देवो.