भाग 14: डोळ्याचंच तर ऑपरेशन आहे!

मी डॉक्टर नाही, बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस. त्यामुळे आज सल्ला देत नाहीये, आमच्या घरी झालेली एक चूक सांगतोय. चूक माझीच.

बाबांना 18 वर्षांपासून मधुमेह. त्यामुळे डाव्या डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला, व्हिट्रेक्टॉमी करायचं ठरलं. आदल्या रात्री मी फोनवर सांगितलं, "बाबा, उपाशी राहा, पण शुगरच्या गोळ्या चुकवू नका." डॉक्टरांना न विचारता!

सकाळी हॉस्पिटलमध्ये बाबांना दरदरून घाम, हात थरथरतायत. शुगर 58. म्हणजे 70 च्याही खाली. ग्लिमेपिराइडची गोळी पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावते. ग्लुकोज दिल्यावर सावरले. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "जागे होते म्हणून कळलं. गुंगीत असते तर चक्कर येतेय हे सांगणार कोण?"

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात कीटोन आम्लं वाढू शकतात, आणि शुगर फारशी वाढलेली नसल्यानं पटकन संशयही येत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं.

मग मॅडमनी बाबांना नमस्कार करायला सांगितला. मला वाटलं, हे काय? बाबांचे तळवे नीट जुळेनात. जुन्या मधुमेहात सांधे आखडतात. मानेचे आखडले असतील तर पूर्ण भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड जातं. पोट हळू रिकामं होत असेल तर उलटी फुप्फुसात जायची भीती. नसा बधिर झाल्या असतील तर हृदयाचा त्रास छातीत न दुखताही होतो.

म्हणून जमेल तिथे डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. श्वास आपला आपण चालू राहतो. पण तिथेही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे सांगावं लागतं, कारण सुईनं रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय उताणं, न हलता पडून राहता येतं का? खोकला, दम असेल तर आधीच बोला.

नऊ दिवसांनी ऑपरेशन नीट पार पडलं. यावेळी मी सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत भरून नेली आणि प्रत्येकीबद्दल विचारलं: ही कधी थांबवायची, त्या दिवशी सकाळी घ्यायची का, परत कधी सुरू करायची? इन्सुलिनचंही तसंच. मनानं बंद करायचं नाही, मनानं घ्यायचंही नाही. उपाशी राहायचं का, किती तास, तेही विचारा. मोतीबिंदूत नुसत्या थेंबांवर काम होत असेल तर बऱ्याच ठिकाणी उपास लागत नाही.

तुमच्या घरी कुणाची तारीख ठरली असेल तर आजच एक फोन करा. मी तो केला नव्हता.

भेटू पुढच्या भागात.