पाण्याकाठचा पाहुणा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सभागृहाच्या मागील भिंतीवर पक्ष्यांची जी छायाचित्रे लावली आहेत, ती पाहून गेल्या आठवड्यात अनेकांनी मला दोन प्रश्न विचारले. कॅमेरा कोणता, हा पहिला. आणि हे पक्षी इतक्या जवळ येतात तरी कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुकानदार माझ्यापेक्षा चांगले देईल. दुसऱ्या प्रश्नासाठी कार्यकारिणीने मला आजची संध्याकाळ दिली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी केंद्र सरकारचा नोकर, शिक्षणाने बी.ए.; पक्षिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. मात्र बदल्यांच्या नोकरीत घरातले सामान दर वेळी थोडे कमी होत गेले, तरी कॅमेऱ्याची पेटी कधी मागे राहिली नाही. तेव्हा शास्त्राच्या नव्हे, तर सहवासाच्या अधिकाराने चार शब्द बोलावे म्हणतो.

या छंदाची गोडी मला लागली ती नागझिऱ्याच्या तळ्याकाठी. आपल्या भिलाईहून राजनांदगाव, देवरी करीत नागपूरच्या हमरस्त्याने निघाले की साकोली लागते. तेथून उत्तरेला वीसबावीस किलोमीटर आत गेले की नागझिरा. १९७० साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मी प्रथम गेलो तो १९९६ साली. तळ्याच्या काठावरच वनखात्याचे विश्रामगृह होते. वीज नव्हती. सूर्य मावळला की कंदील, आणि कंदील मालवला की समोरच्या पाण्यावर जे काही चांदणे असेल तेवढेच. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी मी फिल्मचे दोन रोल नेले होते, म्हणजे बहात्तर चित्रे. आज एका मिनिटात बहात्तर चित्रे काढणाऱ्या तरुणांना सांगून खरे वाटणार नाही, परंतु त्यांतली एकोणीस मी परत येताना शिल्लक ठेवून आणली होती. प्रत्येक वेळी बोट कळीवर ठेवावे आणि मनाशी म्हणावे, अजून थोडे थांबू या.

त्या ओसरीत बसून जे दिसे, त्यासाठी जंगलात पायपीट करण्याची गरजच नव्हती. पहाटे धुके विरळ होऊ लागे तसा राखी बगळा प्रथम दिसायचा. तो रात्रभर तेथेच उभा होता की काय, अशी शंका यावी इतका निश्चल. मग पाणकावळे येत आणि बुडलेल्या झाडाच्या खोडावर पंख पसरून बसत. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी थरथरत राही आणि दगड पडावा तसा खाली येई. ऊन चढले की चितळांचा कळप झाडीच्या कडेला येऊन थबके. पुढची मादी मान उंच करून कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत राही. त्यांना तहान लागलेली असे, हे उघडच होते. तरीही पाण्याशी यायला त्यांना पाऊण तास लागे. तो पाऊण तास मला अजून आठवतो.

मराठी वाचकाला हे तळे नवे नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. किरण पुरंदरे यांनी तर त्या जंगलात चारशे दिवस मुक्काम केला आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले. दक्षिणेला नवेगावबांधच्या काठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. ‘पक्षिकोश’ सिद्ध करणारा हा माणूस २०२५ साली पद्मश्री होऊन त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्यातून गेला. नवेगावचा तो विस्तीर्ण बांध निसर्गाने दिलेला नव्हे. कोलू पाटील नावाच्या कोहळी पुरुषाने तो अठराव्या शतकाच्या आरंभी घातला, असे परंपरा सांगते. शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पुढे पक्ष्यांनी वस्ती केली. माणसाने एका कामासाठी साठवलेले पाणी दुसऱ्याच कोणाचे तरी घर होऊन बसते, ही गोष्ट लक्षात असू द्यावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता थोडे तंत्राविषयी, कारण नवशिक्यांची अपेक्षा ती असते. सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर बसावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि कोवळे ऊन पक्ष्याच्या अंगावर पडते. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतो. म्हणून वाराही पाठीकडून येत असेल तर उतरणारे बदक आपल्याकडे तोंड करून उतरते. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येचा, तेव्हा हा योग सहज जुळून येतो. श्वापदांची गोष्ट मात्र नेमकी उलट. वारा आपल्याकडून त्यांच्याकडे गेला, की आपला वास आपल्याआधी पोचतो आणि मग गव्याचे चित्र काढण्याऐवजी गव्याने मोडलेल्या बांबूचे काढावे लागते. एकाच काठावर, एकाच वाऱ्यात दोन्ही साधत नाही. आज कोणाकडे आलो आहोत, हे आधी ठरवावे लागते. पांढरा बगळा काळ्या पाण्यावर उभा असला तर कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकावर विसंबू नये. तो बिचारा काळे पाणी पाहून जादा प्रकाश घेतो आणि बगळ्याच्या जागी चुन्याचा ठिपका उमटतो. प्रकाश कमी घ्यावा. पाणी आणखी काळे होऊ द्यावे, पीस न् पीस दिसते. आणि शक्य तर पालथे निजावे. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहिले की तळेसुद्धा वेगळे दिसते. एवढे पुरे.

सरोवराकाठचा मुक्काम आणि कॅमेरा यांची सांगड प्रथम घालणाऱ्यांत एक अमेरिकन गृहस्थ होते, जॉर्ज शिरास. व्यवसायाने वकील, बापही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. मिशिगन प्रांतात सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला व्हाइटफिश नावाचे एक लहान तळे आहे. त्याच्या काठी शिरास यांचा लहानपणापासूनचा शिकारीचा मुक्काम. तेथील आदिवासी ओजिब्वा लोकांची रात्रीच्या शिकारीची एक युक्ती होती. लहान होडीच्या नाळेवर दिवा ठेवायचा आणि आवाज न करता वल्हवत जायचे. काठावर पाणी पिणारे हरिण दिव्याकडे पाहत खिळून उभे राहते. त्याचे डोळे चमकतात. त्या डोळ्यांच्या मधोमध नेम धरायचा. शिरास यांनी होडी तीच ठेवली, दिवा तोच ठेवला, बंदुकीच्या जागी मात्र कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा झोत आणला. १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे एकाच अंकात छापली. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे गृहस्थ काही काळ अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते आणि १९०४ साली त्यांनी स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. पण तो विचार पुढे १९१३ आणि १९१८ च्या कायद्यांत उतरला. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचे चित्र काढविले. त्यांचे पुस्तक १९२७ चे. व्याघ्रगणनेसाठी जंगलात आज जे कॅमेरे बांधतात, त्यांचे हे पूर्वज.

शिरास यांची ती चित्रे मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. हरिणी पाण्यात उभी आहे, मागे किर्र अंधार, खाली तिचे प्रतिबिंब. चित्र अप्रतिम आहे. पण मनात येते, की हरिणी त्या रात्री तेथे चित्र काढून घ्यायला आली नव्हती. बंदूक गेली, कॅमेरा आला, म्हणून तिच्या बाजूने सारेच बदलले असे नव्हे. ती जिवंत परतली, हा फरक थोडाथोडका नाही, हे खरे. तथापि पाण्याशी येणे तिला भाग होते आणि आपण तेथे असणे आपल्याला भाग नव्हते. पाण्याकाठी बसणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराची स्थिती हीच आहे. झाडावरच्या पक्ष्याला आपण नकोसे झालो तर तो दुसऱ्या झाडावर जातो. वैशाखातल्या तळ्याला दुसरे तळे नसते.

याविषयी एक पाहिलेली हकिगत सांगतो. आपल्याच भागातील एका सिंचन तलावाच्या काठी चौकीदाराची खोली आहे. रजेचे दिवस मी तेथे काढीत असे. २०१४ च्या मे महिन्यात तेथे, खोलीपासून चाळीसएक पावलांवर, उघड्या मुरमात टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवी घरटे असे बांधीतच नाही; खडे थोडे बाजूला सारले की झाले. अंड्यांचा रंगही खड्यांचाच. आपल्याकडे टिटवीचे ओरडणे अशुभ मानतात. पंचतंत्राने मात्र समुद्राशी भांडणारी टिटवी अजरामर करून ठेवली आहे. मे महिन्याच्या उन्हात त्या मुरमावर हात ठेवता येत नव्हता. अशा वेळी अंड्यांवर बसणे हे ऊब देण्यासाठी नसते, सावली देण्यासाठी असते. आणि नुसती सावलीही पुरत नाही. नर-मादी आळीपाळीने तलावाशी जातात, पाण्यात बसून पोटाची पिसे चिंब करतात आणि तशीच धावत येऊन अंड्यांवर बसतात. हे पुस्तकांत आहे. परंतु मला ते प्रथम दाखविले चौकीदाराने. त्याने पुस्तक वाचलेले नव्हते.

एके दिवशी दुपारी चार मंडळी मोठमोठी भिंगे आणि तिकाटणी घेऊन आली आणि घरटे व पाणी यांच्या बरोबर मध्ये मांडून बसली. टिटवी उठली, ओरडत घिरट्या घालू लागली. अंडी उघडी पडली. मी उठून त्यांना समजावले. आम्ही घरट्याला हात लावलेला नाही, पाचच मिनिटे, असे उत्तर मिळाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते, हे मी सांगितले. सरकारी माणसाच्या तोंडून कायदा ऐकण्याची लोकांना सवय असते, आणि न ऐकण्याचीही. चौकीदार काही बोलला नाही. तो मागे गेला, आपल्या सात म्हशी सोडल्या आणि घरटे बाजूला ठेवून, त्या मंडळींच्या अंगावरूनच म्हणावे अशा बेताने, पाण्याकडे हाकलल्या. म्हशींना व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. तिकाटणी उचलली गेली. टिटवी आधी पाण्यात उतरली आणि मगच अंड्यांवर आली.

पुढे तीन अंड्यांतून पिले निघाली. चौथे तसेच राहिले. ते त्या दुपारच्या उन्हाने गेले की मुळातच निर्जीव होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. मागच्या भिंतीवर तिसऱ्या ओळीत, ओल्या पोटाने धावणारी टिटवी आहे. कित्येकांना ती जरा धूसर वाटली. खोलीच्या खिडकीला गोणपाट लावून, चाळीस पावलांवरून काढलेले चित्र तितकेच स्पष्ट येते. आणखी दहा पावले पुढे गेलो असतो तर डोळ्यातली चमक आली असती; ती मला नको होती. तेव्हा पक्षी जवळ कसे येतात, या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की ते माझ्याजवळ येतच नाहीत. ते पाण्याशी येतात. मी त्याआधी चारआठ दिवस तेथे एखाद्या ओंडक्यासारखा पडून असतो आणि त्यांनी मला हिशेबातून वगळलेले असते.

अलीकडे मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून नराला बोलावण्याची पद्धत पडली आहे. विणीच्या दिवसांत ती साद ऐकून त्याला वाटते, की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो कामधंदा सोडून भांडायला येतो आणि आपल्याला चित्र मिळते. कोणाच्या दारात उभे राहून त्याच्या घरात चोर शिरल्याची आरोळी ठोकावी, तसाच हा प्रकार. दुसरे, घरट्याचे ठिकाण चित्राखाली छापण्याचा मोह. माझ्या चित्रांखाली गावांची नावे का नाहीत, असे काहींनी विचारले, त्याचे कारण हेच. कमळपक्ष्याचे उदाहरण घ्या. त्याच्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि उबवण्यापासून पिले पंखाखाली घेऊन चालण्यापर्यंत सारे नरच पाहतो. तो एकटा आहे. त्याला हुसकावले तर पाळीला दुसरा कोणी नाही.

आता आपल्या घरच्या पाण्याविषयी. १९५५ च्या कराराने आणि १९५९ च्या पहिल्या झोतभट्टीने ज्या गावाची ओळख झाली, तेथे पक्षी कोठले, असे पाहुणे विचारतात. त्यांना मी मरोद्याच्या जलाशयावर नेतो. कारखान्याच्या तहानेसाठी साठवलेले ते पाणी; नवेगावच्या बांधासारखेच दुसऱ्याच कोणाचे तरी घर झालेले. अडई, टिबुकल्या, पाणकावळे, आणि थंडीत कधी शेपटीचे टोक लांब असलेली उत्तरेकडची बदके. थोडे लांब जायची तयारी असेल तर बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदाची तळी आहेत. २०२१ साली तेथे छत्तीसगढचा पहिला पक्षी महोत्सव भरला होता.

मंडळाच्या युवक शाखेने पौषात मरोद्याची सहल ठरविली आहे आणि मार्गदर्शक म्हणून माझे नाव परस्पर घातले आहे. माझी हरकत नाही. पहाटे साडेपाचला निघू. पांढरे कपडे नकोत, अत्तर नको. बोलायचे ते बसमध्ये बोलून घ्यावे. पहिला दिवस कॅमेरे पेटीतच राहतील, हे आताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रुसवे नकोत. आता दिवे मालवावेत, अशी व्यवस्थापकांना विनंती आहे. छत्तीस चित्रे आणली आहेत, जुन्या एका रोलात मावतील तेवढीच. पक्ष्यांची नावे मी सांगेन, ठिकाणे विचारू नयेत.