कारण दाखव!



मी वकील नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार. तरी आज कोर्टावरच बोलणार, तेही अमेरिकेतल्या. १९७२ साली इथल्या पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या काळ्यांच्या मुलखात एका काळ्या माणसानं पोलिसाला कसं कोर्टात खेचलं, ते ऐका.

शिकागो, २९ ऑक्टोबर १९५८. पहाटे तेरा पोलीस दार फोडून घुसले. वॉरंट नाही. नवराबायकोला बाहेरच्या खोलीत नागडं उभं केलं. घरात सहा लेकरं. गाद्या फाडल्या. बापाला चौकीत नेऊन दहा तास डांबला. मॅजिस्ट्रेट नाही, वकील नाही. शेवटी गुन्हा न लावताच सोडला. जा घरी!

त्यानं दावा ठोकला. कू क्लक्स क्लॅनच्या गुंडगिरीविरुद्ध १८७१ साली झालेला कायदा धूळ खात पडला होता, तो उकरला. सरकारी वर्दीच्या जोरावर हक्क तुडवले तर भरपाई दे, असा तो कायदा. 'मन्रो विरुद्ध पेप' खटल्यात १९६१ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोलिसांवर दावा चालेल. शहराची पालिका मात्र १९७८ पर्यंत नामानिराळी राहिली.

१८७१ ध्यानात ठेवा. त्याच साली इंग्रजांनी इथं गुन्हेगार जमाती कायदा आणला. तिथं वर्दीला जाब, इथं जमातीच्या जमाती जन्मानंच चोर! अटकेला कारण? आईचं पोट. १९५२ साली तो कायदा गेला. पोलिसाची नजर गेली नाही.

तिकडचा कायदा अटकेला सबळ कारण मागतो. नुसता वहीम नको, शहाण्या माणसाला पटेल अशी हकिगत पाहिजे. पण मेख इथंच आहे. १९६१ मध्ये मिसिसिपीत जॅक्सनच्या बस स्टँडवर पंधरा काळेगोरे पाद्री गोऱ्यांच्या वेटिंग रूममध्ये शिरले. अटक झाली, चार-चार महिन्यांची शिक्षाही झाली. पुढं ते सुटले आणि त्यांनी दावा लावला. १९६७ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, जज्जावर दावा नाही. आणि पोलिसाला प्रामाणिकपणे, वाजवी रीतीनं कारण आहे असं वाटलं असेल, तर तोही सुटला. वाटलं! गोदीच्या गेटवर आमचे डबे उघडतात, त्यांनाही काहीतरी वाटतच असतं.

म्हणून भांडण त्या 'कारणा'वरच करायचं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडलेली तरतूद आज कलम २२ आहे. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. वस्तीत गाडी आली की आधी घड्याळ बघा. कुणाला नेलं, किती वाजता नेलं, कारण काय सांगितलं, ते लगेच लिहा. कागद नसला तर भिंतीवर कोळशानं लिहा.