नातवंडांचे हिवाळी खेळ

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा गंभीर विषयांच्या मालिकेत पोराबाळांच्या खेळाला जागा कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या घराघरांत आज जी एक उणीव सलत आहे, तिचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच मी हे काम आनंदाने पत्करले.

आपली मुले नोकरी-उद्योगानिमित्त दूर गेली. कोणी दिल्लीस, कोणी बंगळूरला, कोणी परदेशी. नाताळच्या सुट्टीत ती आठ-दहा दिवसांसाठी घरी येतात. आजी-आजोबा महिनाभर आधीपासून दिवस मोजत असतात. नातवंडे येतात, वाकून नमस्कार करतात, ‘कितवीत आहेस?’ या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि मग बोलणे खुंटते. मुलाला मराठी समजते, पण बोलताना त्याची जीभ अडखळते. तो आपल्या भ्रमणध्वनीकडे वळतो आणि आजोबा वर्तमानपत्राकडे. दोघांच्याही मनात माया असते. पण मायेलाही काही निमित्त लागते. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, बाहेर गारठा असतो, आणि या लांबलेल्या संध्याकाळी ते निमित्त घरातच शोधावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की खेळणे विकत आणून मुलाच्या हाती देऊ नये. ते त्याच्यासह बसून तयार करावे. विकतचे खेळणे दिले की मोठी माणसे मोकळी होतात. घरी करावयाचे ठरले म्हणजे दोघांचेही हात गुंततात, आणि हात गुंतले की तोंडे आपोआप उघडतात.

‘चल्लस-आठ’ या आपल्या जुन्या बैठ्या खेळाचेच उदाहरण घ्या. त्यासाठी लागणारे चार चिंचोके स्वयंपाकघरात सापडतात. प्रत्येक चिंचोक्याची एक बाजू खडबडीत फरशीवर घासून पांढरी करावयाची. हे काम मुलाकडे द्यावे. एक चिंचोका घासून होईस्तोवर आजीची एक गोष्ट सहज सांगून होते. मग पाट्यावर किंवा पुठ्ठ्यावर खडूने पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरे आखावीत. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावरील घरात फुली मारावी. प्रत्येक गड्याला चार सोंगट्या. त्या गुंड्यांच्या असोत की खड्यांच्या. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळे पडले तर आठ. चल्लस किंवा आठ पडल्यास पुन्हा टाकावयाचे. बाहेरील सोळा घरे फिरून, आतील आठ घरांतून सोंगटी मध्यावर न्यावयाची. फुलीच्या घरात तिला कोणी मारू शकत नाही. एक तरी सोंगटी मारल्यावाचून आत प्रवेश नाही, असाही नियम अनेक घरांत आहे.

आता पाहा, दान, सोंगटी, घर, मारणे, ‘माझी पाळी’, ‘तुझे दान फुकट गेले’ हे सगळे शब्द मुलाला कोणी शिकवावे लागत नाहीत. खेळावयाचे तर ते हवेतच! जो नातू जेवणाच्या पानावर एक वाक्य बोलत नाही, तो आपली सोंगटी मेली की आजोबांशी मराठीत कडाडून भांडू लागतो. ते भांडण मला व्याकरणाच्या धड्याहून मोलाचे वाटते.

दुसरा खेळ सावल्यांचा. आपल्या प्रत्येकाच्या घरी जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतो. त्या जाड कागदाचे हत्ती, राजा, माकड, बैलगाडी कापावी आणि खराट्याच्या हिराला चिकटवावी. दारात पांढरे धोतर ताणून बांधावे आणि मागे विजेरी ठेवावी. पणती मुळीच नको, कापड पेट घेईल. चित्र कापडाला भिडवले की सावली रेखीव पडते. विजेरीकडे सरकवले की ती मोठी व पुसट होते. हे मुलाला आधी सांगू नये. त्याचे त्याला उमगू द्यावे. कुडाळजवळील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान्‌पिढ्या जतन केला. त्यांतील परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री लाभली. आपल्या दारातील धोतर त्याच परंपरेचे धाकटे भावंड आहे, असे मुलांना अवश्य सांगावे.

अशी साधने क्षुद्र आहेत असे कोणी मानू नये. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचाच उपयोग केला. अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाड येथे तेच कार्य वाढविले. जे त्या थोर शिक्षणतज्ज्ञ स्त्रियांना पुरले, ते आपल्या ओसरीला का पुरू नये?

काही सूचना मात्र ध्यानी घ्याव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया, मणी, गुंड्या देऊ नयेत. त्या घशात अडकतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसावयास मोहक असल्या तरी विषारी आहेत. त्या खेळात घेऊच नयेत. काचापाण्याचा खेळ बांगड्यांच्या काचांऐवजी काड्यांनी खेळावा. पसारा आवरण्याचे काम सुनेवर न टाकता खेळणाऱ्यांनीच करावे. तोही खेळाचाच भाग होय.

आणखी एक. आजोबांनी मुद्दाम हरू नये. मुलांना ते तत्काळ कळते, आणि आपल्याला लहान समजले याचे त्यांना वाईट वाटते. नियमाने खेळावे, नियमाने जिंकावे, आणि हार आली तर ती हसून घ्यावी. हरावे कसे, हे नातवंडे आपल्याकडे पाहूनच शिकतील.

सुट्टी संपली की चिंचोके व सोंगट्या एका कापडी बटव्यात घालून नातवंडासोबत पाठवाव्यात, आणि तसाच दुसरा संच आपल्या घरी ठेवावा. लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. तेथील बाळगोपाळांना घरातल्या खेळाची गरज आपल्याहून अधिक. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकमेकांस पाहत, दोहींकडे पट मांडून, रविवारी हाच डाव चालू ठेवता येतो. ज्या यंत्राला आपण दोष देतो, तेच मग दान कळविण्याच्या कामी येते.

पुढील संमेलनात मंडपाच्या एका कोपऱ्यात बालगोपाळांसाठी एक सतरंजी अंथरावी, आणि प्रत्येक कुटुंबाने स्वहस्ते केलेला एक खेळ तेथे आणावा, अशी कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे.